कावीळ उतरली आणि मुलगा पांढराफटक पडला: गोल लाल पेशींचं एक प्रकरण

ओळख पटू नये म्हणून कुटुंबाचे काही तपशील बदलले आहेत. तपासण्यांचे आकडे आणि निर्णयांचा क्रम तसाच ठेवला आहे. आजार हेरेडिटरी स्फेरोसायटोसिस, म्हणजे लाल पेशी गोल होऊन लवकर फुटण्याचा आनुवंशिक आजार.

पार्श्वभूमी

इंदूरच्या रामबाग भागातलं एकत्र मराठी कुटुंब. आजी, दोन मुलगे, सुना, नातवंडं. थोरल्या मुलाचा मुलगा ९ वर्षांचा, वजन २४ किलो. जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी त्याला निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं होतं. पुढे वर्षातून दोन-तीनदा डोळे पिवळे व्हायचे आणि आठ-दहा दिवसांत उतरायचे. घरात याला कावीळ म्हणत आणि दारात आलेल्या माणसाशी बोलताना पीलिया. उसाचा रस झाला, तेलकट बंद झालं, दोनदा झाडाही झाला. झाडणारा चुन्याच्या पाण्यात हात धुवून घेतो, पाणी पिवळं होतं, म्हणजे पीलिया उतरला. या आजारातला पिवळेपणा तसाही आपोआप कमी-जास्त होतो, त्यामुळे झाडणाऱ्याचं श्रेय दर वेळी पक्कं होत गेलं.

पाचव्या वर्षी एकदा रीतसर तपासणी झाली. एकूण बिलिरुबिन, म्हणजे लाल पेशी फुटल्यावर तयार होणारं पिवळं द्रव्य, ३.४, त्यातलं बहुतेक अप्रत्यक्ष, म्हणजे यकृतानं अजून न हाताळलेलं. यकृताची एन्झाइम्स नॉर्मल. हिमोग्लोबिन ९.६. निदान लिहिलं गेलं ‘गिल्बर्ट’, म्हणजे यकृताची निरुपद्रवी जन्मजात ढिलाई, आणि रक्त कमी म्हणून लोहाचं टॉनिक सुरू झालं. ते दोन वर्षं चाललं. गिल्बर्टमध्ये हिमोग्लोबिन कमी होत नाही, आणि लोह कमी आहे का हे बघायला फेरिटिन कुणी केलं नव्हतं. दोन वेगळी निदानं एकाच कागदावर शेजारी बसली होती.

त्याच कागदावर तिसरीही एक गोष्ट होती: एमसीएचसी ३६.४, शेजारी ‘एच’चा शिक्का. लाल पेशीच्या आतलं हिमोग्लोबिन किती दाटीनं भरलंय, ते हा आकडा सांगतो. सातव्या वर्षीच्या रिपोर्टमध्ये तो ३६.९ होता. लोहाची कमतरता असती तर तो खाली यायला हवा होता.

अडचण

जुलैत मुलाला चार दिवस ताप आला आणि उतरला. पाचव्या-सहाव्या दिवशी जिना चढताना तो मधेच बसायला लागला. आजीचं निरीक्षण अचूक होतं, अर्थ मात्र उलटा लागला: “या वेळी डोळे एकदम स्वच्छ आहेत हो, कावीळ उतरली त्याची.” पिवळेपणा खरंच उतरला होता, कारण फुटायला नव्या पेशीच उरल्या नव्हत्या.

दवाखान्यात पोचला तेव्हा नाडी १४०, तळवे कागदासारखे. हिमोग्लोबिन ४.६. रेटिक्युलोसाइट, म्हणजे कारखान्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या लाल पेशी, ०.२ टक्के. बिलिरुबिन १.६, त्याच्या नेहमीच्या मानानं कमी. पांढऱ्या पेशी ३,९००, प्लेटलेट १.३ लाख. डाव्या बरगडीखाली प्लीहा, आजीच्या भाषेत पाणथरी, पाच सेंटीमीटर हाताला लागत होती.

तिन्ही प्रकारच्या पेशी कमी आणि प्लीहा मोठी म्हटल्यावर ल्युकेमियाचा विचार येणारच, आणि तो आला.

पेशीत नेमकं काय बिघडलं होतं

निरोगी लाल पेशी दोन्ही बाजूंनी खोलगट चकतीसारखी असते. व्यास साधारण ८ मायक्रॉन, आकारमान सुमारे ९० फेम्टोलिटर, पृष्ठभाग सुमारे १४० चौरस मायक्रॉन. तेवढ्याच आकारमानाच्या चेंडूला सुमारे ९७ चौरस मायक्रॉन पृष्ठभाग पुरतो. वरचं जवळपास ४० टक्के कापड सैल आहे, आणि पेशीची सगळी लवचीकता त्या सैलपणात आहे. निम्मं भरलेलं पोतं दारातून कसंही दाबून नेता येतं. तेच पोतं तोंडापर्यंत ठासून भरलं की अडतं.

पेशीच्या कातड्याखाली स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी असते. अँकिरिन, बँड-३ आणि प्रोटीन ४.२ ही त्या जाळीला वरच्या चरबीच्या थराशी उभ्या टाक्यांनी शिवून ठेवतात. हेरेडिटरी स्फेरोसायटोसिसमध्ये या उभ्या टाक्यांपैकी एखादा जन्मतः कच्चा असतो. जिथे टाका नाही तिथे कातड्याचा बुडबुडा होऊन गळून पडतो. आतला माल तेवढाच, कापड दिवसेंदिवस कमी. चकतीचा हळूहळू चेंडू होतो, आत हिमोग्लोबिन दाटतं आणि एमसीएचसी चढतो.

रक्तवाहिन्यांत फिरताना असल्या पेशीचं फारसं अडत नाही. खरी परीक्षा प्लीहेत होते. तिथे पेशीला दोन भिंतपेशींमधल्या सुमारे अर्ध्या ते एक मायक्रॉन रुंदीच्या फटीतून अंग चोरून जावं लागतं. चेंडू तिथे अडकतो. आत साखर कमी, आम्लता जास्त, थांबलेली पेशी आणखी कापड गमावते आणि शेवटी तिथल्या भक्षक पेशींच्या तावडीत सापडते. १२० दिवस जगायची पेशी काही आठवड्यांत, कधी त्याहूनही लवकर संपते. हाडांतली मज्जा, म्हणजे पेशींचा कारखाना, दुपटी-तिपटीनं काम करून तूट भरते, त्यामुळे एरवी मूल खेळत-बागडत असतं.

हा समतोल मोडायला पार्व्होव्हायरस बी-१९ पुरेसा असतो. हा विषाणू मज्जेतल्या लाल पेशींच्या पूर्वज पेशींना गाठतो आणि आठ-दहा दिवस कारखाना बंद पाडतो. निरोगी मुलात हे कळतसुद्धा नाही, कारण १२० दिवसांच्या साठ्यातले दहा दिवस गेले तरी काय बिघडतं? इथे साठाच दोन-तीन आठवड्यांचा होता.

पहिला निर्णय: मज्जेची सुई की वाट

रात्रीच्या ड्यूटीवरच्या डॉक्टरांचा कल सकाळी मज्जा तपासायचा होता. स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा पातळ थर, पुन्हा पाहिल्यावर बेत बदलला. काचेवर ब्लास्ट, म्हणजे ल्युकेमियात दिसणाऱ्या अपक्व पेशी नव्हत्या, आणि मधली फिकट टिकली नसलेल्या छोट्या, गडद, गोल लाल पेशी जागोजागी होत्या.

असल्या पेशी काचेवर कुठे बघितल्या याला महत्त्व आहे. स्मिअरच्या पातळ शेपटाकडे निरोगी पेशीही चपट्या होऊन मधली टिकली हरवतात, आणि नवखा टेक्निशियन तिथे बसून ‘स्फेरोसाइट ++’ लिहितो. पेशी एकमेकींना जेमतेम टेकतात त्या पट्ट्यात बघायचं. तिथे गोल पेशींच्या शेजारी नीट टिकलीवाल्या पेशीही दिसल्या, तर गोल पेशी खऱ्या.

मशीननं एमसीएचसी ३६.२ दाखवला होता. तो खोटाही चढू शकतो: रक्तात चरबी जास्त असेल, किंवा थंडीत गुठळणारी प्रतिपिंडं असतील तर. म्हणून नमुना ३७ अंशांवर ठेवून पुन्हा चालवला. गुठळ्यांचा खेळ असता तर लाल पेशींची संख्या वाढून एमसीएचसी उतरला असता. आकडा जागचा हलला नाही. कूम्ब्ज चाचणी निगेटिव्ह आली, म्हणजे शरीर स्वतःच्याच पेशींवर प्रतिपिंडं चढवत नव्हतं.

वर्षानुवर्षांची ये-जा करणारी कावीळ, मोठी प्लीहा, चढा एमसीएचसी, आणि आता रेटिक जवळजवळ शून्य. या मांडणीत मज्जेची सुई ४८ तास पुढे ढकलणं रास्त होतं. पार्व्होव्हायरसच्या आयजीएमसाठी, म्हणजे ताज्या संसर्गात दिसणाऱ्या प्रतिपिंडांसाठी, रक्त गेलं. ते पॉझिटिव्ह आलं आणि सुई टळली.

दुसरा निर्णय: रक्त किती आणि किती वेगानं

हिमोग्लोबिन ४.६ असलेल्या, हृदय आधीच धावत असलेल्या मुलाला एका दमात पिशवी लावली तर फुफ्फुसात पाणी भरण्याची भीती असते. किलोमागे ५ मिलि, म्हणजे १२० मिलि पॅक्ड सेल (प्लाझ्मा काढून उरलेल्या लाल पेशी) चार तासांत दिल्या. लघवीचं इंजेक्शन तयार ठेवलं होतं, लागलं नाही. दुसऱ्या दिवशी तेवढंच पुन्हा. हिमोग्लोबिन ७.१ झाल्यावर हात थांबवला. बारापर्यंत चढवायची गरज नसते, मज्जा जागी होईपर्यंत निभावलं की झालं. सहाव्या दिवशी रेटिक ४ टक्के, नवव्या दिवशी १४.

इथेच एक चूक झाली. रक्त लावण्याआधी मोठा नमुना काढून ठेवायचं राहून गेलं. क्रॉसमॅचपुरतं २ मिलि घेतलं, त्यातच सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि स्मिअर झालं. एकदा दात्याच्या पेशी मिसळल्या की पेशीच्या कातड्याच्या चाचण्या तीन-चार महिने धड वाचता येत नाहीत. घाईच्या रात्रीसुद्धा एक ईडीटीए आणि एक हेपरिनची (दोन्ही रक्त गोठू न देणारी द्रव्यं) नळी जास्तीची भरायला दोन मिनिटं पुरतात.

घरातली बाकी माणसं

मुलाचं रक्त वापरता येईना म्हणून घरच्यांचं मागितलं, आणि प्रकरणाचा अर्धा उलगडा तिथे झाला. या आजाराची साधारण तीन-चतुर्थांश प्रकरणं आई-बाबांपैकी एकाकडून सरळ येतात.

बाबांचं वय ३८. हिमोग्लोबिन १२.८, रेटिक ५ टक्के, एमसीएचसी ३६.८. एकतिसाव्या वर्षी पित्ताशयातल्या खड्यांसाठी ऑपरेशन झालेलं. तिशीच्या आतबाहेरच्या सडपातळ माणसाला खडे का झाले, हे तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. फुटलेल्या पेशींचं बिलिरुबिन पित्तात साचून काळे खडे होतात, आणि ते तरुणपणीच होतात.

बाबांच्या फायलीत अजून एक पेच सापडला. ऑफिसच्या आरोग्य तपासणीत त्यांचं एचबीए१सी ४.१ आलं होतं आणि शेरा होता ‘शुगर उत्तम’. एचबीए१सी म्हणजे पेशीच्या आयुष्यभर हिमोग्लोबिनवर चढलेली साखर. आयुष्यच छोटं असेल तर साखर चढायला वेळ कुठला? उपाशीपोटी साखर तपासली तर १५२, जेवणानंतर २३८. मधुमेह होता आणि किमान दोन वर्षं नजरेआड राहिला होता. यापुढे त्यांचं मोजमाप ग्लुकोमीटर आणि फ्रुक्टोसामीनवर (रक्तातल्या प्रथिनांवर चढलेली साखर, लाल पेशींच्या आयुष्याशी संबंध नसलेली) ठेवायचं ठरलं.

धाकटी बहीण ६ वर्षांची. भावाला दाखल केल्यावर नवव्या दिवशी तिला कणकण आली. त्याच दिवशी तपासलं: हिमोग्लोबिन ८.९, रेटिक ०.४. या वेळी नळ्या आधी भरून ठेवल्या. एक दिवसाआड सीबीसी केलं, ६.८ पर्यंत घसरण झाली, मग रेटिक उठले. तिला रक्त लागलं नाही.

काकू चार महिन्यांची गरोदर होती. पार्व्होव्हायरस गर्भाच्या लाल पेशींनाही धरतो, आणि बाळाच्या अंगात पाणी भरू शकतं. काकूला दवाखान्यात येऊ दिलं नाही, तिचं आयजीजी आणि आयजीएम तपासलं. आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह: संसर्ग पूर्वीच होऊन गेलेला, बाळ सुरक्षित. दोन दिवस आजीनं घरात कुणाला झोपू दिलं नव्हतं.

तिसरा निर्णय: निदान पक्कं कसं करायचं

बाबांवर ऑस्मॉटिक फ्रॅजिलिटी केली. ०.९ ते ०.१ टक्क्यांपर्यंत उतरत्या खारटपणाच्या नळ्या, प्रत्येकीत ५ मिलि द्राव आणि ५० मायक्रोलिटर हेपरिनचं रक्त, अर्धा तास थांबायचं, फिरवायचं आणि वरचा लाल रंग ५४० नॅनोमीटरवर मोजायचा. पाणी आत शिरतं तशी पेशी फुगते. सैल कापड असेल तर फुगायला जागा असते, चेंडू मात्र लवकर फुटतो.

ताज्या रक्तात बाबांच्या निम्म्या पेशी ०.४६ टक्क्यांवर फुटल्या. नॉर्मलची वरची हद्द ०.४५ च्या आसपास असते, म्हणजे निकाल अगदी काठावर. असा काठावरचा निकाल ‘नॉर्मल’ म्हणून परत गेल्याची उदाहरणं कमी नाहीत. तेच रक्त ३७ अंशांवर २४ तास ठेवून पुन्हा केलं तेव्हा निम्म्या पेशी ०.६६ वर फुटल्या, सोबतच्या निरोगी नमुन्याच्या ०.५३ वर. उपाशी ठेवलेली कच्ची पेशी आपलं उरलंसुरलं कापडही गमावते, म्हणून २४ तासांची चाचणी जास्त बोलकी.

या चाचणीला दोन गोष्टी फसवतात. सोबत लोहाची कमतरता असेल तर पेशी पातळ होतात आणि चाचणी खोटी नॉर्मल येते. आणि खोलीचं तापमान: गरम खोलीत पेशी कमी फुटतात. मे महिन्यात पंख्याखाली ३८ अंशांत लावलेल्या नळ्यांवर विश्वास ठेवू नये. निरोगी माणसाचा नमुना त्याच रॅकमध्ये, त्याच वेळी हवाच.

बाबा आणि बहीण दोघांचे नमुने ईएमए चाचणीला बाहेरगावी पाठवले. हा चमकणारा रंग बँड-३ ला चिकटतो, आणि फ्लो सायटोमीटरवर चमक मोजतात. बाबांची चमक निरोगी नमुन्यांच्या सरासरीपेक्षा ३२ टक्के कमी, बहिणीची २९. चार महिन्यांनी मुलाचं रक्त पुन्हा स्वतःचं झाल्यावर त्याचीही केली, ३४ टक्के कमी.

घरात इतकं स्पष्ट चित्र असताना ईएमए हवीच होती का, असा प्रश्न खर्च बघून बाबांनी विचारला, आणि तो बरोबर होता. निदानापुरती ती टाळता आली असती. पण पुढे प्लीहा काढण्याचा विषय येणार होता, आणि तिथे एक सापळा असतो. हेरेडिटरी झेरोसायटोसिस या आजारातही कूम्ब्ज निगेटिव्ह असते, एमसीएचसी चढा असतो, कावीळ आणि खडे होतात. त्यात बहुधा पिएझो-१ नावाची वाहिनी बिघडलेली असते. पेशीवर ताण आला की उघडणारी ही वाहिनी शोधल्याच्या कामात अर्डेम पटापूटियन यांचा मोठा वाटा होता, आणि त्यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. ती उशिरा बंद झाली की पेशीतून पोटॅशियम आणि पाणी गळतं, पेशी सुकते, कडक होते. त्या आजारात प्लीहा काढली तर रक्ताच्या गुठळ्यांचा धोका इतका वाढतो की ती काढूच नये. फरक दोन ठिकाणी दिसतो: सुकलेली पेशी खाऱ्या पाण्यात उशिरा फुटते, आणि ईएमए कमी येत नाही. या घरात दोन्ही निकाल स्फेरोसायटोसिसच्या बाजूचे होते.

चौथा निर्णय: प्लीहेचं काय करायचं

नोव्हेंबरात मुलाचे नेहमीचे आकडे कळले: हिमोग्लोबिन ८.८, रेटिक ९ टक्के, बिलिरुबिन ३.१. मध्यम, तीव्रतेकडे झुकणारा आजार. सोनोग्राफीत पित्ताशयात ४ ते ६ मिलिमीटरचे अनेक खडे, आणि दोन महिन्यांत दोनदा उजव्या बरगडीखाली कळ येऊन गेलेली.

फक्त फॉलिक अॅसिडवर थांबणं कळांमुळे शक्य नव्हतं. फक्त पित्ताशय काढलं असतं तर आठ-साडेआठच्या हिमोग्लोबिनवर वाढीची वर्षं गेली असती. प्लीहेचा काही भाग ठेवून बाकी काढण्याचा विचार झाला. त्यानं जंतूंशी लढण्याची ताकद काही प्रमाणात टिकते, पण उरलेला तुकडा पुन्हा वाढू शकतो, आणि सर्जनच्या हाताला त्याची सवय हवी. उरलं पित्ताशय आणि प्लीहा दोन्ही एकत्र, दुर्बिणीतून.

आजीचा विरोध होता. “देवानं दिलेला अवयव दहाव्या वर्षी काढायचा?” तो विरोध धुडकावण्यासारखा नव्हताच. प्लीहा नसलेल्या माणसाला न्यूमोकॉकससारख्या जंतूंचा ताप काही तासांत मारू शकतो, आणि हा धोका आयुष्यभर राहतो. सहा वर्षांच्या आत म्हणूनच काढत नाहीत. सर्जननी आजींना कागदावर दोन रकाने करून दाखवले, फायदा वेगळा, कायमची जोखीम वेगळी. निर्णय बाबांनी आठ दिवसांनी दिला.

लसी आधी: न्यूमोकॉकसची पीसीव्ही-१३ आणि तिच्यानंतर आठ आठवड्यांनी पीपीएसव्ही-२३, मेनिन्गोकॉकसची चार प्रकारांची, हिब, फ्लू, टायफॉइड. शेवटची लस आणि ऑपरेशन यांत किमान दोन आठवडे हवेत. म्हणून ऑपरेशन फेब्रुवारीत गेलं. पीसीव्ही जुलैतच दिली असती तर दोन महिने वाचले असते.

ऑपरेशनमध्ये सर्जननी जोड-प्लीहा शोधली. बऱ्याच जणांना वाटाण्याएवढी दुसरी प्लीहा असते, ती राहिली तर वाढून पुन्हा तेच काम सुरू करते. इथे प्लीहेच्या देठापाशी एक सापडली, तीही काढली.

परिणाम

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.९, रेटिक २.४, बिलिरुबिन १.०. प्लेटलेट दहाव्या दिवशी ७.८ लाखांवर गेल्या आणि सहा आठवड्यांत उतरल्या. स्मिअरवर स्फेरोसाइट तसेच्या तसे, जोडीला हॉवेल-जॉली कण, म्हणजे एरवी प्लीहा काढून टाकते ते पेशीतले केंद्रकाचे अवशेष. आईला ते बघून धक्का बसला: आजार तर गेला नाहीच? नाही गेला. टाका अजून कच्चाच आहे, पेशी अजून गोलच आहे. अडवणारी फट तेवढी निघाली.

रोज दोनदा पेनिसिलिन व्ही २५० मिलिग्रॅम चालू आहे. ते दुकानात दर वेळी मिळत नाही, म्हणून पर्यायी औषध चिठ्ठीवर आधीच लिहून दिलं आहे. दप्तरात एक कार्ड आहे: प्लीहा नाही, ३८ अंशांवर ताप असेल तर लगेच दवाखाना, कुत्रा चावला तर त्याच दिवशी अँटिबायोटिक. ऑगस्टमध्ये त्याला रात्री ११ वाजता ३८.६ ताप आला आणि घरच्यांनी पावसामुळे सकाळपर्यंत थांबायचं ठरवलं. निघाला डेंग्यू, निभावलं. पण ते थांबणं चूक होतं, आणि कार्डावर आता ‘रात्र असली तरी’ हे शब्द हातानं लिहिले आहेत. मलेरियाच्या दिवसांत मच्छरदाणीही सक्तीची.

काय वेगळं करता आलं असतं

यकृताची तपासणी पाचव्या वर्षी झाली हे योग्यच. अप्रत्यक्ष बिलिरुबिन चढं आणि हिमोग्लोबिन कमी दिसल्यावर रेटिक आणि स्मिअर मागवले असते, तर निदान चार वर्षं आधी झालं असतं. दोन्ही तपासण्या साध्या लॅबमध्ये होतात. लोहाऐवजी फॉलिक अॅसिड द्यायला हवं होतं: फुटलेल्या पेशींतलं लोह शरीर परत वापरतं, फॉलेट मात्र भराभर संपतं. मुलाचं फेरिटिन नंतर केलं तेव्हा २१० निघालं.

लॅबकडूनही एक गोष्ट राहिली. सलग दोन रिपोर्टमध्ये एमसीएचसी ३६ च्या वर आणि सोबत अॅनिमिया असेल तर मशीनच्या आकड्याखाली ‘स्मिअर पाहावा’ ही एक ओळ टाकता येते. त्या लॅबनं आता ती ओळ आपोआप छापायची सोय केली आहे.

बहिणीचं हिमोग्लोबिन सध्या १०.४ आहे, खडे नाहीत, वाढ नीट आहे. तिची प्लीहा जागेवरच आहे. लसी मात्र सगळ्या देऊन झाल्या आहेत, पुढची सोनोग्राफी तिच्या नवव्या वर्षी.